गिधाडांना काय कमी पडले?

कुंडलिकेच्या एका काठावर रोहे, दुसऱ्या काठावर अष्टमी. तेथून मुरूडच्या दिशेने डोंगर चढत गेले की फणसाडचे जंगल लागते. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचे हे शिकारीचे रान. १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि १९८६ मध्ये या रानाचे अभयारण्य झाले. बिबट्या, सांबर, भेकर, रानडुक्कर, शेकरू अशी तेथील वस्ती. या जंगलातल्या नैसर्गिक पाणवठ्यांना स्थानिक बोलीत 'गाण' म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण ही त्यांची नावे अभयारण्यात जाणाऱ्या कोणालाही ऐकायला मिळतात.

रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात पाणवठ्याला स्वतंत्र नाव देऊन ठेवण्याची गरज का पडावी? कारण तो सगळा पाऊस चार महिन्यांत पडतो आणि जांभ्या दगडातून वाहून जातो. एप्रिल-मे महिन्यांत उरते ते या थोड्या जागी. भेकरांनी किती वाढावे हे जुलैतला पाऊस ठरवत नाही, मे महिन्यातले डबके ठरवते. हे कळायला शिकाऱ्याला ग्रंथ वाचावा लागला नाही. उन्हाळ्यात कुठे दबा धरून बसायचे, हे त्याला ठाऊक होते.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस लीबिग याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पिकांच्या बाबतीत हाच नियम लोकप्रिय केला. पीक जमिनीतल्या सर्वांत मुबलक द्रव्याच्या मापाने वाढत नाही, सर्वांत तुटपुंज्या द्रव्याच्या मापाने वाढते. नत्र कितीही घाला, स्फुरद कमी असेल तर स्फुरदापाशीच वाढ अडते. प्राण्यांच्या संख्येलाही हा नियम लावता येतो. प्रश्न एवढाच की, एखाद्या प्राण्याला नेमके काय कमी पडते आहे हे ओळखायचे कसे? आपल्या जिल्ह्यातल्या एका पक्ष्याच्या बाबतीत हे ओळखायला दहा वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर तो पक्षी जवळजवळ संपला होता. त्या पक्ष्याची, म्हणजे गिधाडाची, ही हकिगत आहे.

१

प्राण्यांच्या संख्येला मर्यादा का पडते, या प्रश्नाचा इतिहास सहसा इंग्लंडातल्या माल्थसपासून सांगतात. १७९८ मध्ये त्याने मांडले की, लोकसंख्या गुणाकाराने वाढते आणि अन्न बेरजेने; म्हणून भूक, रोगराई आणि युद्ध लोकसंख्येला आवर घालतात. त्याचा विषय माणूस होता. पुढे १८३८ मध्ये बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने या विचाराला गणिती रूप दिले. प्रारंभी वेगाने वाढणारी संख्या जागा आणि अन्न भरत आले की मंदावते आणि एका छताशी येऊन थांबते, असा त्याचा आलेख. १८५९ मध्ये डार्विनने हत्तीचे उदाहरण घेतले. सर्वांत सावकाश प्रजनन करणारा हा प्राणी, पण त्याच्याही एका जोडीची सगळी संतती जगली, तर काही शतकांत पृथ्वीवर हत्तींचे लोंढे दिसतील. तसे होत नाही, म्हणजे कोणीतरी सतत मरत असते. डार्विनचा सारा सिद्धान्त या 'कोणीतरी'वर उभा आहे.

मरणाचे कारण कोणते, यावर मात्र एकमत नव्हते. १९५४ या एकाच वर्षी दोन महत्त्वाचे ग्रंथ प्रसिद्ध झाले आणि दोघांनी परस्परविरोधी उत्तरे दिली. ऑक्सफर्डचे पक्षिशास्त्रज्ञ डेव्हिड लॅक यांच्या मते पक्ष्यांच्या संख्येवर मुख्य अंकुश अन्नाचा. संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते, मृत्यू वाढतात आणि संख्या पुन्हा खाली येते. ऑस्ट्रेलियात किड्यांवर काम करणारे अँड्र्यूवार्था आणि बर्च यांचे म्हणणे निराळे. बहुतेक प्राणी अन्नाच्या छतापर्यंत पोचतच नाहीत. त्याआधीच हवामान, दुष्काळ किंवा एखादी आपत्ती त्यांना खाली ओढते. हा वाद बरीच वर्षे चालला. एका गटाचे लक्ष छताकडे होते, दुसऱ्याचे जमिनीतल्या खड्ड्यांकडे.

आपल्याकडचा रूढ समज लॅक यांच्या बाजूचा आहे. दाणा असेल तर चिमणी येते, मढे असेल तर गिधाड येते. म्हणून गिधाडे दिसेनाशी झाली तेव्हा बहुतेकांनी पहिला प्रश्न हाच विचारला, की त्यांना खायला मिळत नाही का?

२

गिधाडाच्या वाट्याला मराठी भाषेने फारसा सन्मान ठेवलेला नाही. कोणाच्या मरणावर टपलेल्या नातेवाइकाला आपण गिधाड म्हणतो. जटायूच्या कथेमुळे थोडी उजळणी होते, एवढेच. प्रत्यक्षात या पक्ष्याचे अन्न कोकणातल्या गावगाड्याशी फार जवळून बांधलेले होते.

गावात बैल किंवा म्हैस मेली की ती ओढून गावाबाहेर नेण्याचे काम महार समाजावर लादलेले होते. कातडे काढले जाई, मांस माळावर पडे, आणि घार, कावळा, कुत्रा, कोल्हा यांच्याबरोबर गिधाडांचा थवा उतरे. मोठा थवा असला तर काही तासांत हाडे तेवढी राहत. गावाचे आरोग्य राखणारी ही व्यवस्था फुकट चाले, असे आपण म्हणतो. पण ती फुकट नव्हती. तिची किंमत एका समाजाने अप्रतिष्ठा, विटाळ आणि सक्तीच्या रूपात मोजली होती. गिधाडांचा इतिहास लिहिताना ही बाजू वगळली तर तो अर्धाच राहतो.

या व्यवस्थेला पहिले मोठे आव्हान याच जिल्ह्यात मिळाले. मार्च १९२७ मध्ये महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी ती सर्वांना ठाऊक आहे. त्याच परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस खाणे आणि त्याला जोडलेली लाचारीची कामे सोडण्याचे आवाहन केले. पुढच्या काळात अनेक गावांतल्या महारांनी मढी ओढायला नकार दिला आणि त्यासाठी बहिष्कारही सोसला.

येथे एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. माणसांची ही व्यवस्था बदलू लागली, तरी गिधाडे कमी झाली नाहीत. १९८०च्या दशकातही पांढऱ्या पुठ्ठ्याचे गिधाड हा जगातल्या सर्वांत विपुल मोठ्या शिकारी पक्ष्यांपैकी एक मानला जाई. मढे ओढून माळावर टाका की गोठ्यामागच्या ओढ्यात लोटा, गिधाड ते वरून शोधून काढत असे. तेव्हा त्याची संख्या अन्नाच्या छताजवळ होती, असे मानायला जागा आहे. लॅक यांचे उत्तर त्या काळापुरते बरोबर होते.

३

मग १९९०चे दशक आले. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश गिधाडांच्या घरट्यांची मोजणी करत होते. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची ३५३ घरटी तेथे होती. १९९६-९७ पर्यंत ती निम्म्याहून कमी झाली आणि २००३ पर्यंत एकही उरले नाही. झाडांवर माना खाली टाकून बसलेली आजारी गिधाडे दिसत आणि काही काळाने खाली पडून मरत. त्याच वेळी उद्यानाबाहेर गुरांची मढी पडलेली होती. ती खायला कोणी नव्हते.

अन्नाचा सिद्धान्त येथे मोडला. मढ्यांची संख्या तीच, खाणारी तोंडे कमी. अन्न हा अंकुश असता, तर उरलेल्या गिधाडांची चंगळ होऊन ती पुन्हा वाढली असती. झाले उलटेच. प्रारंभी विषाणूजन्य रोगाचा संशय घेतला गेला. कीटकनाशकांचाही घेतला गेला. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या मृत गिधाडांच्या तपासणीवरून खरे कारण प्रसिद्ध केले. ते होते डायक्लोफेनॅक, माणसे गुडघेदुखीवर घेतात तेच वेदनाशामक. १९९३-९४च्या सुमारास त्याच्या स्वस्त आवृत्त्या भारतीय बाजारात आल्या आणि ते गुरांनाही सर्रास दिले जाऊ लागले. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, तर औषधाचा अंश त्याच्या शरीरात राहतो. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, युरिक आम्लाचे पांढरे थर त्याच्या अवयवांवर साचतात आणि पक्षी काही दिवसांत मरतो.

विष सापडले, तरी एक शंका उरली. सगळ्या गुरांना थोडेच हे औषध दिले जाते? बहुतेक मढी निर्धोक असणार. मग एवढा संहार कसा झाला? ऱ्हिस ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी गणिताने दाखवून दिले की, शंभरात एकापेक्षाही कमी मढी विषारी असली, तरी झालेल्या ऱ्हासाचा खुलासा होतो. पुढे भारतभरातल्या १८००हून अधिक मढ्यांच्या यकृताचे नमुने तपासले गेले, तेव्हा बंदीपूर्वीच्या काळात सुमारे १० टक्के नमुन्यांत हे औषध सापडले. ऱ्हासाला पुरेसे होते त्याच्या कितीतरी पट विष माळावर पडलेले होते.

हे गणित कागदावर मांडून पाहण्यासारखे आहे. समजा, एक गिधाड तीन दिवसांतून एकदा पोटभर खाते. वर्षाला सुमारे १२० जेवणे झाली. समजा, दर २०० जेवणांत एकच जेवण जीवघेणे आहे. एका जेवणात धोका अगदी नगण्य, अर्धा टक्का. पण १२० वेळा हा जुगार खेळल्यावर वर्षअखेर १०० पैकी ५५ गिधाडेच उरतात. पाच वर्षांनी त्या १०० पैकी ५ उरतात. शिवाय गिधाड एकटे जेवत नाही. एका मढ्यावर कित्येक पक्षी उतरतात आणि एकच विषारी म्हैस अख्खी पंगत गारद करते. प्रत्यक्षातल्या मोजणीनुसार २०००नंतरच्या वर्षांत पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडे भारतात दरवर्षी ४० टक्क्यांहून अधिक वेगाने घटत होती. १९९२ ते २००७ या काळात त्यांतली ९९.९ टक्के गेली. हजारात एक राहिले.

आता दुसरी बाजू, जन्माची. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. पिल्लू घरट्यात तीन-चार महिने असते आणि स्वतः वीण करायला त्याला सुमारे पाच वर्षे लागतात. समजा, १०० जोड्यांपैकी निम्म्यांची पिल्ले उडाली आणि त्यांतली निम्मी प्रौढ झाली. वर्षाला २५ नवे पक्षी मिळाले. म्हणजे २०० प्रौढांपैकी वर्षाला २५ पर्यंत मेले, तर वस्ती टिकेल. २६वे मेले की उतरण सुरू. उंदराची गोष्ट वेगळी. निम्मे उंदीर मारले, तरी काही महिन्यांत भरपाई होते. गिधाडाच्या आयुष्याचा सगळा हिशेबच प्रौढाने दीर्घकाळ जगण्यावर बांधलेला आहे. अशा प्राण्याच्या वाढीवर खरा अंकुश जन्माचा नसतो, प्रौढांच्या मृत्यूचा असतो. हत्ती, कासव, शार्क हेही याच जातकुळीतले. संख्या प्रचंड आहे म्हणजे प्राणी सुरक्षित आहे, हा समज त्यांच्या बाबतीत फसवा ठरतो.

४

मर्यादा एका प्राण्यावरून उठली की ती दुसऱ्याची संधी होते. गिधाडांनी खाल्ली असती ती मढी आता गावकुसाबाहेर दिवसेंदिवस कुजत राहिली आणि भटक्या कुत्र्यांना आयते अन्न मिळाले. कुत्र्यांच्या वाढीला आजवर जे कमी पडत होते, ते गिधाडांनी संपवलेले मांस होते. मादी कुत्री वर्षाकाठी अनेक पिल्ले देते. तिला छत वर सरकल्याचा फायदा घ्यायला वेळ लागत नाही. कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका वाढला आणि कुजलेल्या मढ्यांमुळे पाणी दूषित झाले. अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की, गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या पाच वर्षांत भारतात सुमारे ५ लाख माणसे जास्तीची मेली. आकड्यावर वाद होऊ शकतो, दिशेवर होणे कठीण आहे.

मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत पारशी समाजाला हे नुकसान आणखी निराळ्या रीतीने भोगावे लागले. शतकानुशतके चालत आलेला अंत्यसंस्कार गिधाडांवाचून अडला आणि सूर्यकिरण एकवटणारे परावर्तक बसवण्याची वेळ आली. ज्या पक्ष्याला आपण अशुभ म्हणत होतो, त्याच्यावर एका समाजाचा धर्मविधी उभा होता.

२००६ मध्ये भारत सरकारने गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी घातली. मेलोक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असलेले पर्यायी औषध उपलब्ध झाले होते. पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्यांतून औषध गोठ्यात पोचतच राहिले, म्हणून २०१५ मध्ये त्या बाटल्यांवरही निर्बंध आले. २०२३ मध्ये गुरांसाठीच्या कीटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकवर बंदी आली. ॲसिक्लोफेनॅकचे तर गुरांच्या शरीरात डायक्लोफेनॅकच होते. हरियाणात पिंजोरला सोसायटीने उभारलेल्या केंद्रात गिधाडांची वीण करण्यात यश आले आणि तेथून आणलेले पक्षी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंच येथे निसर्गात सोडले गेले.

५

पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. रोह्याच्या दक्षिणेला म्हसळा आणि श्रीवर्धन हे तालुके आहेत. पांढऱ्या पुठ्ठ्याच्या गिधाडांची कोकणातली जी थोडी वस्ती तगून राहिली, तिचा महत्त्वाचा भाग येथे आहे. म्हसळ्याजवळच्या चिरगावच्या परिसरात उंच झाडांवर त्यांची घरटी आहेत. महाडची सीस्केप ही संस्था, वनखाते आणि गावकरी मिळून त्यांची राखण करतात. मेलेले जनावर आणून गिधाडांना घातले जाते. फणसाडच्या जंगलातही असे खाद्यस्थान केले गेले.

हे खाद्यस्थान करावे लागले यातच पुढची गोष्ट दडली आहे. विषाचा जोर ओसरला तसा जुना अंकुश पुन्हा वर आला. अन्न खरेच कमी पडू लागले. कोकणातल्या शेतात पॉवर टिलर आला आणि बैलजोडी गेली. तरुण मुंबईला गेले, गोठे रिकामे झाले. ज्यांच्याकडे जनावर आहे त्यांच्याकडेही ते मेले की खड्डा करून पुरतात. दुर्गंधी नको, कटकट नको. शिवाय आणलेले जनावर औषधमुक्त असल्याची खात्री हवी. १९८० मध्ये ज्याला अन्नाचे छत होते, १९९५ मध्ये विषाचे, त्याला आज पुन्हा अन्नाचे आहे. पक्षी तोच, पण त्याला काय कमी पडते याचे उत्तर चाळीस वर्षांत दोनदा बदलले.

झाडाचीही गोष्ट आहे. हे गिधाड कड्यावर घरटे करत नाही, त्याला उंच, जुने, पसरलेले झाड लागते. असे झाड तयार व्हायला कित्येक दशके लागतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, रोहा या पट्ट्यात आंबा, फणस, नारळ, सुपारी यांच्याबरोबर रानातले जुने वृक्षही एका दुपारी आडवे झाले. अँड्र्यूवार्था आणि बर्च यांना याहून चांगले उदाहरण मिळाले नसते. अन्न पुरवले, विष रोखले, तरी बसायला फांदी नसेल, तर अंडे कुठे घालायचे? लीबिगचा नियम येथे पुन्हा आठवतो. ज्या गोष्टीची चणचण, तिथे वाढ थांबते, आणि चणचण कशाची हे दरवर्षी नव्याने पाहावे लागते.

म्हणून प्राण्यांच्या संख्येला मर्यादा कशाने पडते, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर देणारा माणूस सावधपणे ऐकावा. अन्न हे उत्तर खरे आहे, विष हेही खरे, झाड, पाणी, वादळ हीही खरी. त्यांतले कोणते आज लागू आहे हे शोधणे म्हणजेच संवर्धन. १९९०च्या दशकात खाद्यस्थाने काढली असती आणि त्यांत औषध दिलेली गुरे घातली असती, तर चांगल्या हेतूने संहार वाढला असता. आज केवळ औषधबंदीवर विसंबून राहिलो, तर उरलेल्या वस्तीला पोट भरणे अवघड होईल.

आणि आजच्या मर्यादेला एक माणसाची बाजूही आहे. गावात मेलेले जनावर डॉक्टरने दिलेल्या औषधाची चौकशी करून उचलायचे, वाहनात घालायचे, रानात नेऊन ठेवायचे, हे काम कोणाला तरी करावे लागते. या कामाला शतकानुशतके जातीचा शिक्का होता, आणि तो पुसण्यासाठी याच जिल्ह्यातल्या माणसांनी १९२७ मध्ये जी लढाई सुरू केली, ती गिधाडांसाठी मागे फिरवता येणार नाही. जुनी व्यवस्था पुन्हा आणणे हा उपाय नव्हे. मग हे काम कोणाचे? ज्याच्या गोठ्यात जनावर मेले त्याचे, गावाचे, ग्रामपंचायतीचे, वनखात्याचे. मोबदला देऊन, हातमोजे आणि वाहन देऊन, कोणत्याही जातीच्या माणसाने करायचे काम. चिरगावसारख्या ठिकाणी गावकरी आणि कार्यकर्ते ते करत आहेत. तेवढ्यापुरती गिधाडे आहेत. ते जितक्या गावांत पसरेल तितकी ती पसरतील.

फणसाडच्या पाणवठ्याची खोली मे महिन्यात काठीने मोजता येते. गिधाडांच्या आकाशाची मोजणी आता गावाच्या वेशीवर, मेलेल्या म्हशीपाशी सुरू होते. तिला हात कोण लावतो, आणि लावण्यापूर्वी तिला शेवटचे इंजेक्शन कशाचे दिले होते हे विचारतो की नाही, यावर पुढच्या वर्षीच्या घरट्यांचा आकडा ठरणार आहे.